अकरा दिवस दिला नाही

माझ्या मामांना कारखान्यात नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना थांबाराव म्हणायचे. काचेच्या बाटल्या करणाऱ्या त्या कारखान्याच्या पुढच्या फाटकावर मामा चौतीस वर्षं उभे होते, आणि समोर कामगार येवो, ट्रकवाला येवो की खुद्द मालकाचा जावई, मामांचा पहिला शब्द ठरलेला: "थांबा." दुसरा शब्द: "पास?" तिसरा शब्द फारसा कोणी ऐकलेला नाही. मालकाच्या जावयाला त्यांनी पाऊण तास उन्हात तिष्ठत ठेवला होता. ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की तो जावई मला न बघताच ओळखीचा वाटतो.

असा माणूस कॉम्प्युटरवरच्या चोराला फसला, असं आमचे नातेवाईक एकमेकांना सांगतात. "वय झालं हो, त्यांना काय कळतंय त्यातलं," असंही म्हणतात, आणि तोंडाने चुकचुकतात. ते चुकचुकणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मामांना सगळं कळलं होतं. ज्याला कळलं नाही ते माणूस मी आहे, आणि म्हणून ही हकिकत मीच सांगायला हवी.

मामी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. डॉक्टर हवा, नातेवाईक हवा, कोणाला नुसतं "बाई, तो कसा आहे ते विचारून द्या ना" एवढंच हवं असलं, तरी मामी दोन वायरी इकडच्या तिकडे करून लावून द्यायच्या. मामा अडवायचे आणि मामी जोडून द्यायच्या. दोघांचा संसार याच एका वादावर बेचाळीस वर्षं चालला. जेवताना मामा म्हणायचे, "तुझ्यासारखी बाई फाटकावर असती तर कारखाना लोकांनी घरी नेला असता." मामी म्हणायच्या, "आणि तुम्ही माझ्या खुर्चीवर असतात तर निम्मे पेशंट नुसती घंटी ऐकत गेले असते."

मग मामींच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ऑपरेशनला आठ दिवस होते. रडून वगैरे झालं एक दिवस. उरलेल्या सात दिवसांत मामींनी आपला फोन घेतला आणि आतल्या खोलीत बसून आपला आवाज भरून ठेवला. त्रेचाळीस तुकडे. एकेक मिनिटभराचा, काही तर दहा सेकंदांचे. त्यांत भाषणं नव्हती. "अहो, चष्मा डोक्यावर आहे, टेबलाखाली काय शोधताय?" असा एक. "गॅस बंद केला का? परत बघा" असा एक. एकात त्या नुसत्याच हसतात. हे सगळे तुकडे त्यांनी दोघांच्या मिळून असलेल्या मेलवर पाठवून दिले आणि मला म्हणाल्या, "यांना उघडायला शिकव. फोनचं त्यांना जमत नाही, अक्षरं बारीक पडतात." मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांच्या घरी नेऊन लावला.

ऑपरेशननंतर मामी चौदा महिने पाटीवर लिहून बोलत राहिल्या. मग पाटीही थांबली. त्यांचा फोन महिनाभरात बंद पडला, आणि दुरुस्त होऊन आला तो कोरा होऊन आला. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मेलमध्ये होतंच की सगळं.

रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे पूर्वी ज्या वेळी फाटकावरची त्यांची पाळी सुटायची त्या वेळी, मामा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढायचे आणि एक तुकडा ऐकायचे. दुसरा नाही. आज पाचवा, उद्या सहावा, त्रेचाळीस संपले की पुन्हा पहिला. शेवटचा तेवढा कानाला हेडफोन लावून एकट्यानेच ऐकायचे. मी समोर असले तर म्हणायचे, "तू जरा पाण्याची मोटर बघून ये." मी दर वेळी त्यांना म्हणायचे, "मामा, हे सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून देते, एक प्रत हाताशी असलेली बरी." पुढच्या रविवारी, असं मी म्हणायचे. दोन वर्षांत किती रविवार येतात ते कोणीही मोजू शकतं.

कारखान्याच्या भोंग्याने मामांचा डावा कान कधीच गेला होता. उजवाही उतरायला लागला, तसा मामींचा आवाज त्यांना बारीक वाटू लागला. त्यांनी मला सांगितलं नाही. स्वतःच शोधलं, आणि "आवाज दुप्पट करा" असं लिहिलेला एक फुकटचा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये घेतला. त्याने आवाज खरंच वाढला, हे मुद्दाम सांगते. पाच-सहा दिवस मामा खूष होते. फोनवर मला म्हणाले, "मामी आता अगदी बाजूला बसल्यासारखी बोलते."

मग ती पेटी यायला लागली.

पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट. तुमच्या मेलचा पासवर्ड पुन्हा द्या. बंद केली की जायची, तासाभराने परत यायची. दिवसातून तीनदा, चारदा. मामांनी काय केलं? फाटकावर जे केलं असतं तेच. एक वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि नोंद ठेवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, कोण आलं, काय मागितलं, काय केलं. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. "सकाळी ९.४०. पेटी. पासवर्ड मागितला. दिला नाही." "दुपारी १.१५. पेटी. दिला नाही." पानंच्या पानं. पाचव्या दिवशीची नोंद जरा लांब आहे: "इंटरनेटची तार काढून पाहिली. तरी पेटी आली. मेलवाले बाहेर असताना आतून विचारतंय कोण?"

ही ओळ मी कितीदा वाचली असेल! माझ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर दिवसाचे दहा तास घालवणारी चाळीस माणसं आहेत. त्यांच्यातल्या एकालाही हा प्रश्न सुचला नसता. मला तर नक्कीच नाही.

बाराव्या दिवशी सकाळी साडेअकराला मामांनी मला फोन केला. मी एका वाहतूक कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं लावते. त्या दिवशी दोन ट्रक वाटेत अडकले होते, टेबलाभोवती चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि मामा आपल्या सवयीने पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. "एक पेटी येते बघ. तिची लक्षणं मला ठीक दिसत नाहीत. मी काय केलं, तार काढली, तरी..."

मी त्यांना मध्येच तोडलं. "मामा, मेलचाच पासवर्ड मागतोय ना? मग देऊन टाका ना. दिला नाही तर तो विचारतच राहणार."

"पण मी तार काढल्यावरसुद्धा..."

"मामा, मी मीटिंगमध्ये आहे. द्या तो."

मग ते म्हणाले, "तू सांगतेस तर देतो."

"हो, मी सांगते."

मिनिटभराचं बोलणं. फोन ठेवल्यावर मी टेबलावरच्या माणसांकडे बघून डोळेही फिरवले, या म्हाताऱ्या माणसांचं काय करावं अशा अर्थाने. त्यातला एक जण हसला.

त्यानंतर पेटी आली नाही. रविवारी मी गेले तेव्हा आवर्जून विचारलं, "काय मामा, येते का तुमची पेटी?"

"नाही."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

मामा उठून माझ्यासाठी चहा टाकायला गेले.

पासवर्ड दिल्यापासून दहाव्या दिवशी ऑफिसात मला मामांच्या नावाने एक मेल आलं. "जुने फोटो सापडले, उघडून बघ." मामांनी जन्मात मला मेल केलेलं नाही, त्यांना काही सांगायचं असलं की ते फोन करतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. मी ते उघडलं नाही. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"पोरी, आतून कोणीतरी कडी लावलीय."

पासवर्ड चालत नव्हता. बदलला होता. खात्याला जोडलेला फोन नंबरही बदलला होता, म्हणजे खातं परत मिळवायला जो कोड येतो तो आता त्या चोराच्या खिशात जात होता. आत त्रेचाळीस तुकडे होते, ते तिथेच आहेत की त्याने पुसून टाकले, हेही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मामांना आणि कॉम्प्युटरला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. अरुंद दुकान, भिंतीवर उघडी यंत्रं टांगलेली, खुर्ची एकच. ती त्याने मामांना दिली. तासभर खटपट करून तो म्हणाला, "ती पेटी मेलवाल्यांची नव्हतीच. या आवाजवाल्या प्रोग्रामच्या पोटात बसलेला माणूस विचारत होता. ऐकलेल्या तुकड्यांतलं काही कॉम्प्युटरात उरलंय का तेही बघितलं. काही नाही. काका, पेटी पहिल्यांदा कधी आली, काही आठवतं का?"

मामांनी पिशवीतून वही काढून दिली.

दुरुस्तीवाला वाचत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. "तार काढून बघितलीत तुम्ही?" तो म्हणाला. "काका, असं गिऱ्हाईक मी वीस वर्षांत पाहिलं नाही. अहो, अकरा दिवस दिला नाही तुम्ही! मग बाराव्या दिवशी..." त्याचं बोट पानावरून खाली सरकलं आणि एका ओळीवर थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ते जाऊ द्या," मामा म्हणाले आणि हात पुढे करून त्यांनी वही मिटली. "तारीख कळली ना तुम्हाला? झालं तर मग."

ती ओळ मी त्या रात्री मामांच्या घरी वाचली, ते अंघोळीला गेले तेव्हा, चोरासारखी. "सकाळी ११.३५. भाचीशी फोनवर बोललो. संशय सांगितला. देण्यास परवानगी मिळाली. दिला." कारखान्याचा नियमच होता तसा. वरच्या साहेबाने फोनवरून 'सोडा' म्हटलं की पासाशिवाय सोडायचं, फक्त साहेबाचं नाव आणि वेळ लिहून ठेवायची. मग पुढचं जे होईल ते साहेबाच्या माथी. चौतीस वर्षांत मामांना असं लिहावं लागलं ते चार-पाचदा, आणि दर वेळी साहेबाला त्यांच्याहून कमीच समजत होतं. घरातली साहेब मी होते.

खातं परत मिळवायचा एक अर्ज असतो, तो आम्ही भरला. खातं कधी उघडलं? आधीचा पासवर्ड कोणता? शेवटचं कधी वापरलंत? मामांनी एकेक उत्तर वेळेसकट दिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की खातं तुमचंच आहे याची खात्री पटली नाही. पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी रागाने सगळी कहाणीच लिहिली, त्या बाईचा आवाज आहे हो त्यात, असं लिहिलं. वाचणारं माणूस पलीकडे होतं की नव्हतं, देव जाणे. उत्तर शब्दाशब्दाने तेच आलं, आणि आता यापुढे अर्ज करता येणार नाही असंही आलं.

मला रडू फुटलं. मी टेबलावर हात आपटला. "काय माणसं आहेत ही! सगळं बरोबर सांगितलं तरी ओळखत नाहीत!"

"ओळखत असतील," मामा म्हणाले. "ओळखून चालत नाही ना."

मग ते आपणहून बोलायला लागले. ते काय सांगणार ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं, कारण ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी काढत नसे. कारखान्यात दोघे भाऊ होते, मोठा फिटर आणि धाकटा भट्टीवर. एकदा मोठ्याची सुट्टी असताना भट्टीवर धाकटा भाजला. कोणीतरी घरी कळवलं. फिटर अनवाणी धावत फाटकावर आला. मामा म्हणाले, "थांबा. पास?" तो म्हणाला, "अहो, रोज येतो मी. ओळखता ना मला?" मामा म्हणाले, "ओळखतो. पास?" घरी जाऊन पास आणायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. तोवर भावाला मागच्या फाटकाने नेलं होतं, आणि वाटेतच तो गेला.

त्या वर्षी मामांना कर्तव्यदक्षतेचं प्रशस्तिपत्र मिळालं. मामींनी ते भिंतीवरून काढलं आणि त्या खिळ्याला कॅलेंडर लावलं. कॅलेंडर अजून तिथेच आहे, दर वर्षी नवं.

"शेवटच्या तुकड्यात ती काय म्हणते माहितेय?" मामांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "म्हणते, 'आता माझं एवढं एक ऐका. त्या फिटरकडे एकदा जाऊन या. पत्ता माझ्या डायरीत आहे.' दोन वर्षं ऐकतोय. दर वेळी वाटायचं, सांगतेय ना अजून, जाऊ पुढच्या फेरीला. आता सांगणार नाही कोणी."

रविवारी आम्ही गेलो. जिना अंधारा होता, दोन मजले चढेपर्यंत मामा तीनदा थांबले. इस्त्रीचा सदरा घातला होता त्यांनी, आणि वही काखेत होती. घंटी मामांनीच वाजवली. साखळी न काढता दार वीतभर उघडलं. आत एक म्हातारा, मामांच्याच वयाचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. त्याने आधी मला पाहिलं, मग मामांना. पाहातच राहिला.

"मी कारखान्याच्या फाटकावरचा," मामा म्हणाले. "आत येऊ का?"

"ओळखतो मी तुम्हाला," तो म्हणाला.

मामा वाट बघत उभे राहिले. मीही. आत कुठेतरी नळ वाहत होता.

"ओळखतो," तो पुन्हा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, काहीतरी भांडता तरी आलं असतं.

मी पुन्हा घंटी वाजवायला हात उचलला तर मामांनी तो धरला. "नको," म्हणाले. "त्याचं फाटक आहे."

घरी आल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, वही उघडली. मी मागे उभी राहून वाचलं. "सकाळी १०.५०. फिटरकडे गेलो. ओळखलं. आत घेतलं नाही." पेन जरा वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग शेरा लिहिला, "बरोबर केलं."

त्या पानाच्या दोन-तीन पानं आधी माझी ओळ होती. पानं मिटलेली असली तरी ती मला दिसत होती. एवढे दिवस मी कॉम्प्युटरवाल्यांना शिव्या दिल्या होत्या, चोराला दिल्या होत्या, मेलवाल्यांना दिल्या होत्या. तोंडातून शब्द फुटायला तेव्हा कुठे धीर झाला.

"मामा, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं मला. मीच म्हटलं द्या म्हणून. तुमचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही मी."

मामांनी पेनाला टोपण लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणतील, असू दे पोरी. म्हणतील, तुझा काय दोष त्यात. लहानपणापासून माझा कुठला अपराध त्यांनी पोटात घातला नव्हता?

"हो," मामा म्हणाले. "नोंद आहे."

मग त्यांनी वही कपाटात ठेवली आणि मला विचारलं, "चहा घेणार का?" मी हो म्हटलं. संध्याकाळी सहाला मी अजून तिथेच होते. मामा उठले, सवयीने खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली, बसले आणि बंद पडद्यासमोर तेवढा वेळ बसून राहिले, एक तुकडा ऐकायला लागतो तेवढा.